मी विमानं उडवली त्याची गोष्ट

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही पीपलरावांचं घर आवरायला घेतलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती, बाबांना पंचाहत्तरावं लागलं होतं, आणि त्यांनी आता इंदूरला माझ्याकडे राहायचं असं अखेर ठरलं होतं. "अखेर" म्हणण्याचं कारण, हा विषय आम्ही दर सणाला काढायचो आणि दर सणाला बाबा म्हणायचे, "बघू, सोयाबीन निघू दे." आमची शेती विकून दहा वर्षं झाली होती, तरी सोयाबीन काही निघत नव्हतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असं एक घर देवास, धार, उज्जैनकडच्या कुठल्यातरी गावात आहे किंवा होतं. पूर्वज पवारांबरोबर माळव्यात आले असं घरोघरी सांगतात, तसं आमच्याकडेही सांगतात. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे. त्यामुळे वाटण्या करणं आपल्या पाण्यातच असावं. मी आणि काकांच्या मुलाने दोन दिवसांत घराच्या दोन याद्या केल्या. एक "ठेवायचं", दुसरी "काढायचं". पहिली अर्ध्या पानाची, दुसरी चार पानांची. तांब्याचा बंब, जातं, पाटा-वरवंटा, बारा पाट, मोडी कागदांचं दफ्तर, शंभर माणसांच्या स्वयंपाकाचं पितळी पातेलं. निकष एकच होता : शेवटचं कधी वापरलं? पाच वर्षांत वापरलं नसेल, तर काढायचं.

बाबांना आम्ही विचारलं नाही. त्यांना त्रास नको, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

त्या यादीत एक कॉम्प्युटरही होता, पण तो "ठेवायचं"मध्ये. कारण बाबा त्यावर विमान चालवतात.

हे जरा सांगायला हवं. २००७ साली ताई लग्न होऊन कॅनडाला गेली. पुढच्या वर्षी मी नोकरीसाठी पुण्याला जाताना माझा कॉम्प्युटर पीपलरावांच्या घरी ठेवून गेलो. त्यात मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर होता. २००६ साली निघालेली ती दहावी आवृत्ती, तिला सगळे एफएसएक्स म्हणतात. हा खेळ १९८२पासून चालत आलेला आहे, त्यामुळे बाबा त्याला "आपल्या शाळेच्या नव्या इमारतीइतका जुना" म्हणतात. मला वाटलं होतं, कॉम्प्युटरवर धूळ बसेल. झालं उलटंच. बाबा गणिताचे मास्तर. त्यांनी वही घातली, उंची, वेग, दिशा यांची कोष्टकं केली, आणि सहा महिन्यांत ते सेस्ना १७२ व्यवस्थित उतरवायला लागले. या विमानाची निवडही त्यांनी मास्तरासारखीच केली. १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं हे चार आसनी विमान जगात सगळ्यांत जास्त संख्येने बनलं, चव्वेचाळीस हजारांच्या वर. "इतक्या लोकांनी शिकायला घेतलं म्हणजे पुस्तक चांगलं असणार," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नेहमीचा मार्ग एकच. इंदूरच्या धावपट्टीवरून उठायचं, ईशान्येला वळायचं, देवास, पुढे सोनकच्छच्या बाजूने घराकडे. साधारण पंचवीस मिनिटं. त्या खेळात जगातले चोवीस हजार विमानतळ आहेत, पण आपल्याकडची गावं नाहीत. देवासच्या टेकडीच्या जागी नुसता उंचवटा, वर ना चामुंडा ना तुळजाभवानी. पीपलरावां तर नाहीच. तिथे एकाच छापाची हिरवी-तपकिरी शेतं. बाबा घड्याळाकडे बघायचे आणि ठरल्या मिनिटाला म्हणायचे, "आलं घर." मग त्या शेतांवर दोन घिरट्या घालून परत. आई भाजी निवडता निवडता विचारायची, "उतरणार आहात का वरच बसणार?"

दुसरं विमान डकोटा. बाबा लहान असताना आजोबांनी त्यांना इंदूरला विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं करून खरं डकोटा दाखवलं होतं. सकाळपासून उपाशी उभं राहून पाहिलं, असं ते सांगतात. डीसी-३ या नावाचं हे विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर बत्तीस वर्षं झाली होती. युद्धानंतर आपल्याकडे शिल्लक डकोटांचा सुकाळ झाला. ऑक्टोबर १९४७मध्ये श्रीनगरला आपलं सैन्य उतरलं ते डकोटांतून, आणि १९५३ साली इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा तिच्या ताफ्यातही बहुतेक डकोटाच होती. माझ्या भाच्याने एका सुट्टीत इंटरनेटवरून जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या रंगातलं डकोटा शोधून बाबांच्या कॉम्प्युटरवर बसवून दिलं होतं. त्या दिवशी बाबांनी भाच्याला पेढे दिले.

तर, घर आवरताना मी हा कॉम्प्युटर सुरू केला. इंदूरला हलवण्याआधी तोही आवरावा म्हणून. डिस्क काठोकाठ भरलेली. सुरू व्हायलाच चहा होऊन प्यायलाही होईल इतका वेळ. मी सिम्युलेटरचा फोल्डर उघडला. त्यात सिमऑब्जेक्ट्स, त्याच्या आत एअरप्लेन्स, आणि तिथे एका विमानाचा एक फोल्डर अशी सगळी मांडणी. सोबत आलेली म्हणजे डिफॉल्ट विमानंच चोवीस. बोइंग ७४७ आणि ७३७, एअरबस ए३२१, लिअरजेट, किंग एअर, बॅरन, मूनी, पाण्यावर उतरणारं ग्रुमन गूज, बिनइंजिनाचं ग्लायडर, पतंगाला मोटर लावल्यासारखं ट्राइक, दोन-तीन हेलिकॉप्टरं. सिम्युलेटरमध्ये लॉगबुक असतं, कोणतं विमान किती तास चालवलं याची नोंद ठेवणारं. ते उघडलं. पंधरा वर्षांत दोनच नावं : सेस्ना आणि भाच्याने बसवलेलं डकोटा.

निकष तयारच होता. शेवटचं कधी वापरलं?

मराठीत "उडवणे" या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, आणि त्या संध्याकाळी मी बाबांची विमानं दुसऱ्या अर्थाने उडवली. एकेक निवडून, शिफ्ट आणि डिलीट, म्हणजे कचरापेटीतही राहायला नको. सोबत आलेलं डीसी-३ही उडवलं. भाच्याने बसवलेलं आहेच, मग दोन डकोटा कशाला? फोल्डरमध्ये अशी दोन-तीन विमानंही होती की जी खेळाच्या निवडीच्या यादीत दिसतच नाहीत, एमडी-८३ वगैरे. जे चालवताच येत नाही ते ठेवायचं कशाला? तीही गेली. वीस मिनिटांत काम झालं. दोनच फोल्डर उरले आणि मला फार छान वाटलं. आवरल्यावर वाटतं ना, तसं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा नेहमीप्रमाणे उठून बसले. मी अंथरुणातून ऐकत होतो. नेहमी डकोटाची इंजिनं सुरू झाली की पहिल्यांदा एक खोकल्यासारखा आवाज येतो, मग घरघर. त्या दिवशी काहीच नाही. थोड्या वेळाने बाबांची हाक आली, "अरे, आवाज गेला."

मला वाटलं, स्पीकरची वायर. जाऊन पाहिलं तर डकोटा धावपट्टीवर उभं होतं, पंखे फिरत होते, पण आवाज नाही. आणि काचेखालची सगळी घड्याळं, उंचीचं, वेगाचं, होकायंत्र, सगळं गायब.

"थांबा, बघतो," म्हणून मी खुर्ची ओढली. बाबा म्हणाले, "ते राहू दे. आधी मुंबई लाव."

मुंबई? लॉगबुकात तर मुंबईचं एकही उड्डाण नव्हतं. त्यांनी स्वतःच माऊस घेतला. त्यांनी जपून ठेवलेली एक स्थिती होती : मुंबई विमानतळ, मुख्य धावपट्टीच्या कडेला उभं असलेलं सेस्ना, इंजिन बंद, वेळ रात्री दीडची. ती उघडली. धावपट्टीचे दिवे लागलेले, वर तारे, आणि बाकी काही नाही. बाबा दहा मिनिटं त्या पडद्याकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विमानं येत नाहीयेत."

"कुठली विमानं, बाबा?"

"सगळीच. रोज येतात."

मी सांगितलं. काय काढलं, का काढलं, लॉगबुक पाहून काढलं, तुम्ही ती कधीच चालवली नाहीत, सगळं. ते ऐकून घेत होते. शाळेत चुकलेलं गणित फळ्यावर पाहावं तसे. मग म्हणाले, "मी चालवत नव्हतो रे. मी बघत होतो."

ताई गेली त्या रात्री आम्ही सगळे सहारला गेलो होतो. काचेच्या दारापर्यंत. पुढे तिकीट असलेल्यांनाच सोडतात. ताई ट्रॉली ढकलत आत गेली, एकदा वळून हात केला, आणि मग गर्दीत दिसेनाशी झाली. आई रडत होती. बाबा टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत होते, म्हणून मला वाटलं त्यांना फारसं काही वाटलेलं नाही. विमान उठताना आम्हाला कोणालाच दिसलं नाही. आम्ही तेव्हा टॅक्सीत होतो.

"ते मोठं विमान समुद्राकडे जातं ना, तेवढं बघायचो," बाबा म्हणाले. "तुझी आई असताना दोघं बघायचो. ती म्हणायची, हे ताईचं. मी म्हणायचो, बरं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

त्या दिवशी घर आवरणं बाजूला राहिलं आणि मी मोबाइलवर शोधत बसलो. जे कळलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी जुना सिम्युलेटर चालवत असेल तर उपयोगी पडेल. आपण आपलं एक विमान चालवत असतो तेव्हा आजूबाजूला जी विमानं येतात-जातात, त्यांचं एक वेळापत्रक खेळात लिहिलेलं असतं. ऑर्बिट, पॅसिफिका, वर्ल्ड ट्रॅव्हल अशा काल्पनिक कंपन्यांची ती उड्डाणं. पण त्या उड्डाणांसाठी वेगळी विमानं नसतात. ती याच फोल्डरमधली डिफॉल्ट विमानं घेऊन उडतात. वेळापत्रकात ज्याचं नाव आहे ते विमान फोल्डरमध्ये नसलं, तर खेळ तक्रार करत नाही. ते उड्डाण नुसतं होत नाही. आणि यादीत न दिसणारं ते एमडी-८३ तर केवळ या ये-जा करणाऱ्या विमानांसाठीच दिलेलं होतं. कोणी चालवावं म्हणून ते नव्हतंच.

डकोटाचं कोडंही सुटलं. बाहेरून बसवलेली बरीच विमानं स्वतःचा आवाज आणत नाहीत. त्यांच्या आवाजाच्या फाइलीत एक ओळ असते : अमुक विमानाचा आवाज घ्यावा. घड्याळांच्या पॅनेलचंही तसंच. भाच्याने आणलेल्या डकोटाला रंग स्वतःचा होता, पण आवाज आणि घड्याळं त्या सोबत आलेल्या, मी "दुसरं कशाला" म्हणून उडवलेल्या डीसी-३ची उसनी होती.

आणि एवढं करून मिळवलं काय? न चालवलेलं विमान फोल्डरमध्ये पडून असलं म्हणून खेळ संथ होत नाही. फार तर विमानांची यादी उघडायला दोन क्षण जास्त लागतात. जागाही फारशी सुटली नव्हती. डिस्क भरली होती ती माझ्याच लग्नाच्या व्हिडिओच्या तीन प्रतींनी. मीच वेगवेगळ्या वेळी "सुरक्षित राहील" म्हणून बाबांच्या कॉम्प्युटरवर टाकलेल्या. त्या कोणी कधी उघडल्या नव्हत्या, मीसुद्धा.

शोधताना आणखी एक गोष्ट वाचली. या सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्त्या सुरू केल्या की आपण पहिल्यांदा शिकागोच्या मेग्ज फील्ड या विमानतळावर उभे असायचो. तळ्याकाठची एक छोटी धावपट्टी. जगभरच्या लाखो मुलांचं पहिलं उड्डाण तिथून झालं. मार्च २००३च्या अखेरीस एका रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर मोठाल्या फुल्या खणून काढल्या. तिथे बाग करायची होती. सकाळी कळलं तेव्हा काही लहान विमानं तिथे अडकून पडली होती. मग एफएसएक्समधूनही मेग्ज फील्ड गेलं. पण लोकांनी ते स्वतः बनवून परत बसवलं, अजून बसवतात. बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "रात्री काढलं म्हणजे विचारलं नसणार कोणाला."

मी मान खाली घातली.

विमानं परत आणायची तर मूळ डीव्हीडी हव्यात. दोन होत्या. कुठे? "माळ्यावर," बाबा म्हणाले, "बिस्किटांच्या डब्यात." माळा म्हणजे आमच्या "काढायचं" यादीची राजधानी. भंगारवाला दुपारी चारला येणार होता. मी आणि चुलतभाऊ शिडी लावून वर चढलो आणि जे आदल्या दिवशी दाराशी ढीग करून ठेवलं होतं तेही उपसायला लागलो. डब्यांत स्क्रू, डब्यांत बटणं, एका डब्यात आमच्या दुधाच्या दातांची पुडी.

तेवढ्यात दारातून हाक आली. "माटसाब, बड़ो तपेलो चइये थो!"

गल्लीतल्या एका घरी देवउठनी ग्यारसनंतरचं लग्न होतं. त्या काकी आमचं मोठं पितळी पातेलं आधीच सांगून ठेवायला आल्या होत्या. दाराशी भंगाराच्या ढिगात सगळ्यांत वर ते पातेलं उपडं ठेवलेलं पाहून त्या थबकल्या. बाबा बाहेर आले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काकींना म्हणाले, "ले जाओ, ले जाओ. घासने के लिए बाहर निकाला है."

काकी गेल्यावर कळलं की त्या पातेल्यात गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक लग्नाची कढी झालेली आहे. बारा पाटांचंही तेच. आमच्या घरात पाटावर बसून पंधरा वर्षांत कोणी जेवलं नव्हतं, पण नवरात्रात कन्याभोजनाला ते पाट चार घरं फिरून यायचे. दोनांवर तर खाली दुसऱ्यांच्या घरातल्या मुलांनी खडूने नावं लिहिलेली होती. आमच्या यादीत या सगळ्यापुढे "वापरात नाही" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. आमच्या वापरात नाही, एवढंच ते खरं होतं.

बिस्किटांचा डबा सापडला. डीव्हीडी चालल्या. एकीवर ओरखडा होता, ती कॉम्प्युटरने बराच वेळ कुरकुरत वाचली. खेळात दुरुस्तीचा पर्याय असतो, तो दिला आणि भंगारवाल्याला फोन करून "उद्या नको, परवा या" म्हणून सांगितलं. रात्री उशिरा काम झालं. बाबा बाजूला बसूनच होते, आईच्या खुर्चीत. मी डकोटा सुरू केलं. खोकला आला, मग घरघर. मी मुंबई लावली. दिवे, तारे. पाच मिनिटं काहीच नाही. मला घाम फुटला. मग टॅक्सीवेच्या टोकाला लाल दिवा लुकलुकला, आणि एक ७४७ संथपणे वळून धावपट्टीवर आलं. ते आमच्या सेस्नाच्या समोरून गेलं, नाक वर केलं, आणि पश्चिमेला अंधारात त्याचे दिवे लहान लहान होत गेले.

बाबा काही म्हणाले नाहीत. दिवे दिसेनासे झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून ते उठले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना त्यांनी स्वतःहून विषय काढला. "आण तुझ्या याद्या. आता नीट करू. घाई कशाला करून राहिला होता?" आम्ही माळव्यातले मराठी, आमचं "करून राहिलो" पुण्याच्या नातेवाइकांना हसू आणतं. असो. आम्ही तिघं अंगणात बसलो आणि एकेक वस्तू घेतली. मला वाटलं होतं, बाबा सगळंच ठेवा म्हणतील. तसं झालं नाही. बंब? "द्या, त्याला भोक आहे." जातं? "जड आहे, इंदूरला तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार? समोरच्यांना विचारा, नाहीतर अंगणातच राहू दे." त्यांच्या स्वतःच्या चाळीस वर्षांच्या शाळेच्या वह्या? "जाळा." मीच दचकलो. आईचं शिवणयंत्र त्यांनी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला दिलं, कारण ती आईकडे त्याच यंत्रावर शिकली होती. हे मला माहीतच नव्हतं. पातेलं आणि पाट गल्लीतच ठेवले, काकींच्या घरी. कोणाला लागले तर तिथून न्यायचे. मोडी दफ्तर मात्र बरोबर घ्यायचं ठरलं. आमच्यात ते कोणालाच वाचता येत नाही, पण आपल्याला वाचता येत नाही हे कागद फेकायचं कारण होत नाही, असं बाबा म्हणाले, आणि तोपर्यंत मी वाद घालायच्या मनःस्थितीत राहिलो नव्हतो.

चार पानांची यादी दोन पानांची झाली. काम मात्र आधीपेक्षा लवकर संपलं. ज्याच्या वस्तू त्याला विचारलं की एका शब्दात उत्तर मिळतं. आम्ही दोघं दोन दिवस तर्क करत बसलो होतो.

विमानांचीही तशीच यादी केली. बाबांनी सांगायचं, मी लिहायचं. मोठी सगळी राहू दे. मूनी, बॅरन राहू दे, ती दुपारी येतात. ग्लायडर? "राहू दे, ते दिसायला छान आहे." ट्राइकपाशी ते थांबले. "हे पतंगासारखं मला कधीच आवडलं नाही. हे काढ." मी पुन्हा वाचून आलो होतो. एफएसएक्स पहिल्यांदा सुरू केला की जे ठरावीक उड्डाण उघडतं ते याच ट्राइकचं आहे. ते काढायचं तर आधी सुरुवातीचं उड्डाण बदलायला हवं. आम्ही बदललं : इंदूर, सेस्ना, सकाळचे सात. मग ट्राइकचा फोल्डर उचलला. या वेळी डिलीट केला नाही. "बाजूला" नावाचा नवा फोल्डर करून त्यात ठेवला. आठवडाभर सगळं नीट चाललं तर मग बघू.

यादी आटोपशीर दिसावी अशी हौस असेल तर त्यालाही वाट आहे, ती भाच्याने नंतर फोनवर सांगितली. विमानाच्या फोल्डरमधल्या "पॅनेल" या फोल्डरचं नाव बदललं की ते विमान निवडीच्या यादीत दिसत नाही, पण आकाशात येत-जात राहतं. फक्त दुसरं एखादं विमान त्याचं पॅनेल उसनं घेत नाही ना, ते आधी बघायचं. हल्लीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये तर काढलेलं विमान पुन्हा उतरवून घेता येतं, त्यामुळे तुमची पिढी या बाबतीत सुखी आहे. घरांना ती सोय नाही.

आता बाबा इंदूरला आहेत. कॉम्प्युटर गॅलरीशेजारच्या खोलीत, माझ्या लग्नाचे दोन व्हिडिओ काढल्यापासून बरा चालतो. ट्राइक अजून "बाजूला"मध्येच आहे. पीपलरावांच्या घराला भाडेकरू मिळाले. कार्तिकात काकींचा फोन येतो, पातेलं कोणाकोणाकडे जाऊन आलं याचा हिशोब त्या बाबांना देतात.

बाबा अजून इंदूरहून उठून ईशान्येला जातात. फरक इतकाच की पूर्वी ते घरी बसून घरावर घिरट्या घालायचे, आता खरोखरच इंदूरहून निघतात. परवा मी शेजारी बसलो होतो. देवास गेलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खाली तीच एका छापाची शेतं होती. "आलं घर," म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घाल घिरटी. मी बघतो."